घरापासून गोठ्यापर्यंत वीज न्यायची, तर केबल कोणती घ्यावी?

गोठा, कडबाकुट्टीची शेड, कांदाचाळ, विहिरीजवळची खोली. वस्तीवर घरापासून थोड्या अंतरावर असं काही ना काही असतंच आणि कधीतरी तिथं वीज न्यायची वेळ येते. तालुक्याच्या दुकानात जाऊन 'गोठ्यासाठी वायर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा अडीच एमएमचं बंडल काउंटरवर येतं. सगळे तीच नेतात, म्हणून आपणही नेतो. घरी आणून ओढली की दिवा लागतो, पंखा फिरतो, काम झालं असं वाटतं. पुढं कुट्टी बसवली की मात्र मोटर नुसती गुरगुरते, पातं उचलत नाही आणि एखाद्या दिवशी वाइंडिंग जळतं. भरून आणलं तरी वर्षभरात पुन्हा जळतं. कपॅसिटर बदलून होतो, मोटर बदलून होते, पण घर आणि गोठा यांच्या मधल्या साठ मीटर वायरीकडं कुणी पाहत नाही.

केबल घेण्याआधी दोन गोष्टी ठाऊक हव्यात: गोठा किती लांब आहे आणि तिथं सगळ्यात मोठी मोटर कोणती सुरू होणार आहे. या दोन उत्तरांशिवाय कुणी 'अमुक एमएम टाका' म्हणत असेल, तर तो अंदाज आहे. गोठ्याच्या बाबतीत तिसरी गोष्टही तितक्याच मोलाची आहे, ती म्हणजे अर्थिंग. केबल कितीही जाड घेतली तरी त्यावाचून जनावरांचा आणि माणसांचा जीव सुरक्षित होत नाही. तिच्याकडं नंतर येतो.

तापणं वेगळं, व्होल्टेज गळणं वेगळं

तारेतून वीज वाहिली की तार तापते. पीव्हीसीचं आवरण ७० अंश सेल्सियसपर्यंत टिकतं, एक्सएलपीई या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं ९० अंशांपर्यंत. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये वायरीपुढं जे अँपिअर लिहिलेले असतात, ते या मर्यादेपुरते. तेवढा प्रवाह गेला तर आवरण वितळणार नाही, एवढंच त्यातून कळतं. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपातून नेली तर वीसेक अँपिअर सोसते. (दुकानात 'अडीच एमएम' म्हणतात ते तारेच्या काटछेदाचं क्षेत्रफळ असतं, जाडी नव्हे.) घरातल्या घरात दहा-पंधरा मीटरवर एवढंच पाहिलं तरी भागतं.

अंतर वाढलं की दुसरी अडचण उभी राहते. तुषार सिंचनाच्या लांब, बारीक पाइपलाइनीत शेवटच्या तोटीला दाब मिळत नाही, तसं लांब, बारीक वायरीत शेवटच्या टोकाला व्होल्टेज मिळत नाही. वायर मुळीच न तापता, एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) न पडता, सगळं ठीक दिसत असतानाही मधल्या मधे व्होल्टेज खाल्लं जातं. गोठ्यातल्या मोटरींचे बहुतेक आजार इथून सुरू होतात.

याचं गणित अवघड नाही. एका मीटरमागं तारेचा रोध किती, हे कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं. त्याला अंतरानं गुणायचं, प्रवाहानं गुणायचं आणि शेवटी दोननं गुणायचं, कारण वीज फेजमधून जाते आणि न्यूट्रलमधून परत येते. साठ मीटरवरच्या गोठ्याला वायर एकशे वीस मीटर लागते. हा दोनचा गुणाकार भलेभले विसरतात.

आता खरा हिशोब करू. सिंगल फेजवर दोन एचपीची कुट्टी धरली तर साधारण १२ अँपिअर. पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर ४ अँपिअर. दिवे आणि पंखे मिळून २. सगळं एकदम चालू झालं तर १८ अँपिअर. मिल्किंग मशीन असेल तर ते कुट्टीबरोबर सहसा चालत नाही, म्हणून ते इथं धरलं नाही. अंतर ६० मीटर.

अडीच चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. म्हणजे गळती १६ व्होल्ट, २३० मधले सात टक्के. ही थंड तारेची गोष्ट झाली. तार तापली की रोध वाढतो आणि पूर्ण तापलेल्या तारेत तो वीसेक टक्क्यांनी जास्त भरतो. चार चौरस मिमीला गळती दहा व्होल्टवर येते, सहाला सात व्होल्टवर. ॲल्युमिनियमची दहा चौरस मिमी केबल घेतली तर साडेसहाच्या थोडं वर, आणि सोळाची घेतली तर चार व्होल्ट. अडीचच्या वायरीत कुट्टी चालू असेपर्यंत जवळपास २९० वॅट निव्वळ वायर तापवण्यात जातात, आणि त्यांचं बिल आपणच भरतो.

वायरिंगचं भारतीय मानक आयएस ७३२ आहे. त्यात दिव्यांच्या सर्किटला तीन टक्के आणि बाकी कामांना पाच टक्के गळती चालते असं धरलं आहे. २३० व्होल्टवर पाच टक्के म्हणजे साडेअकरा व्होल्ट, आणि त्यात घरातल्या वायरिंगची गळतीही आली. माझं मत विचाराल तर गावाकडं गोठ्याच्या केबलसाठी तीन टक्क्यांच्या पुढं जाऊच नये. हे टक्के मीटरला पुरे २३० व्होल्ट येतात असं धरून मांडलेले आहेत, आणि आपल्याकडं सगळ्या मोटरी एकदम चालू असताना मीटरलाच दोनशे असतात. जे मुळातच कमी आहे त्यातलं आणखी किती गमवायचं, हा प्रश्न आहे.

कुट्टी सुरू होतानाचे दोन-तीन सेकंद

वरचा हिशोब मोटर फिरत असतानाचा झाला. खरी परीक्षा ती सुरू होताना असते. स्थिर असलेली मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाचपट-सहापट प्रवाह ओढते. दोन एचपीच्या कुट्टीला तो ६० अँपिअरच्या आसपास जातो. अडीचच्या वायरीत त्या क्षणी ५० व्होल्टपेक्षा जास्त गळती होते. प्रत्यक्षात आकडा थोडा इकडं-तिकडं होईल, पण मोटरीला २३० ऐवजी १७५-१८० व्होल्टच मिळतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज पाऊण झालं तर जोर पाऊण होत नाही, तो साठ टक्क्यांच्याही खाली येतो. मीटरलाच दोनशे व्होल्ट असतील तर जोर निम्म्यावरही राहत नाही. तोंडात कडबा अडकलेला असताना एवढ्या जोरावर पातं हलत नाही. मोटर उभ्या उभ्या साठ अँपिअर ओढत राहते आणि वाइंडिंग भाजून निघतं. सोळा चौरस मिमी ॲल्युमिनियमच्या केबलवर तीच मोटर सुरू केली तर तिला २१५ च्या आसपास व्होल्ट मिळतात आणि जोर अठ्ठ्याऐंशी टक्के राहतो. मोटर तीच, कुट्टी तीच, फक्त मधली केबल बदलली.

म्हणून केबल ठरवताना आधी मोटर सुरू होतानाचा हिशोब करावा. दिवे आणि पंखे यांच्यासाठी केबल कधीच कमी पडत नाही.

ढोबळ आकडे हवे असतील तर हे घ्या. वर सांगितलेल्या भाराला तीस मीटरपर्यंत ॲल्युमिनियमची दहा चौरस मिमी, साठ-सत्तर मीटरपर्यंत सोळा, शंभर मीटरपर्यंत पंचवीस. अंतर मोजताना नजरेनं सरळ रेषा मारू नका. टेप घेऊन चारी ज्या वाटेनं जाणार त्या वाटेनं मोजा, दोन्ही टोकांना खाली-वर जाणारी लांबी धरा, आणि प्रत्येक टोकाला एखादा वळसा शिल्लक ठेवा. पंचेचाळीस वाटणारं अंतर हातोहात साठ होतं.

घरी थ्री फेज मीटर असेल तर चित्र पार बदलतं. तीन एचपीची थ्री फेज कुट्टी प्रत्येक फेजला जेमतेम पाच अँपिअर घेते, आणि साठ मीटरवर अगदी चार चौरस मिमी ॲल्युमिनियमच्या केबलीतही तिची गळती एक टक्क्याच्या आत राहते. दुधाचा धंदा वाढवायचा असेल, मोठी कुट्टी किंवा बल्क कूलर बसवायचा विचार असेल, तर सिंगल फेजच्या जाड केबलवर पैसे घालण्याआधी थ्री फेज जोडणीची चौकशी जरूर करावी.

तांबं की ॲल्युमिनियम

तांब्याची तार जास्त चांगली वाहक, याबद्दल वाद नाही. तेवढंच काम करायला ॲल्युमिनियम सुमारे १.६ पट जाड लागतं. तरीही ते वजनाला हलकं आणि किमतीला बरंच स्वस्त, म्हणून लांब अंतराला मी ॲल्युमिनियमच सुचवतो. दुसरं कारण चोरीचं. शिवारातून मोटरींच्या तांब्याच्या केबली कापून नेण्याचे प्रकार आपल्याकडं सगळीकडं होतात. ॲल्युमिनियमला भंगारात तेवढा भाव नाही, त्यामुळं त्यावर हात टाकणाराही कमी.

ॲल्युमिनियमचा एक दोष मात्र नीट सांभाळावा लागतो. हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थर वीज अडवतो. शिवाय स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनियम हळूहळू दबत जातं आणि जोड सैल होतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि शेवटी बोर्ड जळतो. तांब्याची वायर आणि ॲल्युमिनियमची तार एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळणं हे तर आगीला दिलेलं आमंत्रण आहे. ओल लागली की दोन धातूंच्या त्या जोडात ॲल्युमिनियम झिजत जातं. टोकाला योग्य मापाचा लग (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) क्रिंप करावा, म्हणजे हत्यारानं दाबून बसवावा, आत ऑक्साइड रोखणारी पेस्ट भरावी, आणि तांब्याच्या पट्टीवर जोडायचं असेल तर दोन धातूंचा, म्हणजे बायमेटॅलिक लग वापरावा. हातोडीनं ठोकून चेपलेला लग क्रिंप केलेला धरायचा नाही. क्रिंपिंगचं हत्यार गावातल्या प्रत्येक वायरमनकडं नसतं, तेव्हा काम ठरवतानाच त्याला विचारून घ्यावं.

आवरणाची गोष्ट

घरात भिंतीतून फिरवतो ती साधी वायर, आयएस ६९४ ची, घराच्या आतच बरी. पीव्हीसी पाइपात घालून ती जमिनीखालून नेली की पहिल्या पावसात पाइपात पाणी साचतं आणि वायर वर्षानुवर्षं त्यात बुडून राहते. बोअरच्या सबमर्सिबल मोटरीची चपटी केबल शिल्लक असते, ती गोठ्याला लावायचा मोह अनेकांना होतो. पाण्याची तिला सवय असते हे खरं, पण कुदळीचा घाव आणि घुशीचे दात तिला झेपत नाहीत. गोठा म्हटला की वैरण आली, वैरण आली की उंदीर-घुशी आल्याच. वायर कुरतडणं हा त्यांचा रोजचा उद्योग.

जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड केबल, म्हणजे आत तारा, त्यांच्यावर आवरण, त्याच्याभोवती जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांचं किंवा तारांचं चिलखत आणि वर पुन्हा पीव्हीसीचं जाड आवरण. पीव्हीसी इन्सुलेशनच्या अशा केबलला आयएस १५५४ चं मानक आहे, एक्सएलपीईच्या केबलला आयएस ७०९८ चं. केबलीवर 'ए टू एक्स एफ वाय' अशी अक्षरं छापलेली दिसतात. 'ए' म्हणजे ॲल्युमिनियम, 'टू एक्स' म्हणजे एक्सएलपीई, 'एफ' म्हणजे पट्टीचं चिलखत ('डब्ल्यू' असेल तर गोल तारांचं), आणि शेवटचा 'वाय' म्हणजे वरचं पीव्हीसीचं आवरण. सुरुवातीचा 'ए' नसेल तर तार तांब्याची.

सिंगल फेजसाठी तीन कोअरची घ्यावी: एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. दोन कोअरची घेऊन चिलखतालाच अर्थ म्हणून वापरायचं, ही काटकसर गोठ्यात नको. पट्ट्या गंजल्या की अर्थ गेली आणि ते कुणाला कळतही नाही. तीन कोअरच्या केबलीत आतले रंग लाल, पिवळा आणि निळा असतात. पिवळ्याला न्यूट्रल आणि निळ्याला अर्थ करायचं ठरवलं तर दोन्ही टोकांना काळी आणि हिरवी स्लीव्ह चढवलीच पाहिजे. पाच वर्षांनी दुसरा वायरमन बोर्ड उघडेल, तेव्हा त्याला हे सांगायला आपण तिथं असूच असं नाही.

खरेदी करताना आयएसआयच्या खुणेखाली छापलेला सीएम/एल क्रमांक बघा. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की परवाना खरा आहे का, कुणाच्या नावावर आहे, ते तिथल्या तिथं दिसतं. तांब्याची म्हणून दिलेली तार ब्लेडनं हलकेच खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असण्याचा संशय घ्या आणि परत करा.

खालून की वरून

खांबावरून किंवा झाडावरून लोंबती वायर नेणं स्वस्त पडतं, म्हणून सर्रास केलं जातं. पण उसाची ट्रॉली, कडब्याची गंज भरलेली गाडी, वादळात मोडलेली फांदी, यांतलं कोणतंही एक पुरेसं आहे. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार निदान ५.८ मीटर उंच असावी असा नियम आहे. बांबूच्या दोन मेढींवर एवढी उंची मिळत नाही. वरून न्यायचीच असेल तर केबलवर स्वतःचं वजन येऊ देऊ नये. आधी जीआयची (जस्त चढवलेली लोखंडी) तार ताणून तिला केबल बांधत न्यावी, आणि उन्हात टिकणारंच आवरण घ्यावं.

जमिनीखालून न्यायची तर कमी दाबाच्या केबलसाठी खोली पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट. रस्त्याखालून जाताना एक मीटर. एवढं खणायचा कंटाळा येतो, पण नांगराचा फाळ फूटभर सहज जातो आणि सबसॉयलर त्याच्याही बराच खाली. चारीच्या तळाशी बारीक वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, मग विटा आडव्या लावून माती. पुढं कुणी खणायला लागला तर कुदळ आधी विटेवर वाजते. ट्रॅक्टर-गाडीच्या वाटेखाली केबल जाड पाइपातून न्यावी. काळ्या मातीच्या शिवारात केबल ताणून टाकू नये, किंचित नागमोडी टाकावी. ती जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, आणि ताठ केबलचे जोड त्या ओढीत उपटतात. कोकणात कातळ लागला आणि खणणंच अशक्य झालं, तर गडग्याच्या कडेनं जीआय पाइपातून वरून नेणं जास्त शहाणपणाचं. वीतभर खणून वर माती लोटण्यात काही अर्थ नाही.

केबल बोर्डात शिरते तिथं ग्लँड लागतो, आणि काम करणाऱ्याचा हात तिथं ओळखता येतो. वरचं आवरण कापून चिलखताच्या पट्ट्या मोकळ्या करतात, त्या फुलासारख्या उलगडून ग्लँडच्या पितळी कोनावर बसवतात आणि वरून नट आवळला की त्या कोन आणि रिंग यांच्यात घट्ट चावल्या जातात. केबल ओढली तर ताण तारांवर न येता चिलखतावर येतो, आणि चिलखत अर्थिंगला जोडलं जातं. बोर्डाला भोक पाडून केबल तशीच आत घुसवलेली आणि पट्ट्या बाहेरच कापून टाकलेल्या दिसल्या, तर चिलखत असूनही नसल्यासारखं आहे. गोठ्यात शेणामूतातून अमोनिया सुटतो आणि लोखंड लवकर खाऊन टाकतो. म्हणून तिथला बोर्ड प्लास्टिकचा, झाकण घट्ट बसणारा, पाणी उडालं तरी आत न जाणारा असावा. तो जनावरांच्या तोंडा-शिंगांपासून दूर, धुण्याच्या पाण्याच्या माऱ्यापासून उंच बसवावा.

अर्थिंग, आणि गाय पान्हा का चोरते

चप्पल घालून कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला पाच-दहा व्होल्ट जाणवतही नाहीत. गाईचं तसं नाही. तिचे खूर ओल्या फरशीवर, तोंड लोखंडी गव्हाणीला किंवा पाण्याच्या हौदाला, आणि पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर. तिच्या अंगाचा रोध माणसापेक्षा पुष्कळ कमी. आपल्याला न कळणारा चटका तिला कळतो. ती हौदाशी येऊन मान मागं घेते, धार काढताना लाथा झाडते, पान्हा चोरते. घरातले दृष्ट काढतात, डॉक्टर बोलावतात, खुराक बदलतात. अशा वेळी एकदा मीटर घेऊन हौद आणि फरशी यांच्यातलं व्होल्टेज मोजून पाहावं.

हे व्होल्टेज येतं कुठून? पुष्कळदा गोठ्यात न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेलं असतं. वरच्या हिशोबात अडीचच्या वायरीत १६ व्होल्ट गळत होते. त्यातले निम्मे, आठ, न्यूट्रलच्या तारेत गळतात. म्हणजे कुट्टी चालू असताना गोठ्यातला न्यूट्रल जमिनीपेक्षा आठ व्होल्ट वर असतो. तो अर्थिंगला जोडला की त्यातला बराचसा भाग सगळ्या लोखंडावर चढतो. बारीक केबल अशी फिरून गाईपर्यंत पोचते. न्यूट्रल आणि अर्थ गोठ्यात एकत्र करायचे नाहीत, कोणत्याही कारणानं नाहीत. न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगच्या सळईवर दिवा किंवा मोटर चालवणं याच्याही पुढचं पाप आहे. ती सळई कोरडी पडली किंवा तिची तार तुटली की अख्ख्या गोठ्याचं लोखंड फेजवर येतं.

अर्थिंग केलं की धोका टळला, असाही समज आहे. तो आकड्यांनी तपासू. गोठ्याच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे, जो पुष्कळ ठिकाणी चांगला मानला जातो. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगचा ५ ओहम धरा. कुट्टीच्या आत वायर सोलून बॉडीला टेकली. फेजमधून जमिनीत जाणारा प्रवाह किती? २३० भागिले १५, म्हणजे जेमतेम १५ अँपिअर. पंचवीस अँपिअरचा एमसीबी याला नेहमीचा भार समजतो आणि पडतच नाही. कुट्टीच्या बॉडीवर मात्र दीडशे व्होल्ट येऊन बसतात. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरीही हात लावणारा मरतो.

हे फक्त आरसीसीबीनं थांबतं. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, एवढंच तो पाहत असतो. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की सेकंदाच्या छोट्याशा भागात तोडतो. वरच्या उदाहरणात तूट १५ अँपिअरची, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या पाचशेपट. उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडून रोध शंभर ओहम झाला तरी दोन अँपिअरहून जास्त तूट उरतेच आणि तो पडतोच. ज्या गोठ्यात आरसीसीबी नाही तिथं बाकी काहीही घेण्याआधी तो घ्या, असं मी हात जोडून सांगेन.

शक्य असेल तर दोन बसवा, एक दिव्यांना, एक मोटरींना. ओल्या दिवसांत कुट्टीची मोटर गळती दाखवून पडली तर पहाटे धारा काढताना अंधार व्हायला नको. नाही तर वैतागून कुणीतरी आरसीसीबी बायपास करतो, आणि असे बायपास मग तसेच राहतात.

घरातून आलेला अर्थ गोठ्यातल्या स्वतंत्र अर्थिंगलाही जोडावा, आणि गव्हाणीच्या नळ्या, पाण्याची लोखंडी टाकी, कॉलमच्या सळ्या, मिल्किंग मशीनची पाइप हे सगळं एकमेकांना आणि त्या अर्थिंगला बांधून टाकावं. मग बिघाड झाला तरी गाईच्या तोंडाखाली आणि पायांखाली जवळपास एकच व्होल्टेज असतं, आणि तिच्या अंगातून प्रवाह वाहायला कारण कमी उरतं. नवीन गोठा बांधत असाल तर फरशीचं काँक्रीट ओतण्याआधी सळ्यांची जाळी टाकून तिचं एक टोक बाहेर काढून ठेवा. नंतर हे करायचं तर फरशी फोडावी लागते.

घराच्या टोकाला

गोठ्याची केबल घरातल्या एखाद्या प्लग पॉइंटवरून उचलू नका. मेन बोर्डातून तिला स्वतंत्र डबल पोल एमसीबी द्यावा. आपल्या उदाहरणात २५ अँपिअरचा 'सी' प्रकारचा चालेल. 'बी' प्रकारचा मोटर सुरू होताना विनाकारण पडू शकतो. केबलीतच बिघाड झाला तर तोही सापडावा म्हणून घराच्या टोकाला १०० मिलिअँपिअरचा, थोडा उशिरा पडणारा आरसीसीबी बसवला तर उत्तम. गोठ्यातला ३० चा आधी पडतो आणि घराकडं फेरी मारावी लागत नाही. बारीक केबलचा आणखी एक तोटा इथं दिसतो. साठ मीटर अडीचच्या वायरीत शॉर्टसर्किट झालं तरी प्रवाह दीडशे अँपिअरच्या आतच अडकू शकतो, आणि २५ च्या 'सी' एमसीबीला खात्रीनं झटक्यात पडायला अडीचशे लागतात. तोवर वायर जळत राहते.

कागदाचीही एक बाजू आहे. घराच्याच आवारातला गोठा असेल तर ठीक, पण केबल रस्ता ओलांडून दुसऱ्या गटात जात असेल, किंवा घरगुती मीटरवर व्यवसाय चालणार असेल, तर आधी वीज कंपनीच्या कार्यालयात विचारावं. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ नुसार मंजुरीपेक्षा वेगळ्या कामासाठी किंवा वेगळ्या जागी वीज वापरणं अनधिकृत ठरतं आणि दुप्पट दरानं आकारणी होते. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावं आणि चाचणीचा अहवाल मागून ठेवावा.

चारी बुजवण्याआधी वायरमनला मेगर लावून केबलचं इन्सुलेशन तपासायला सांगा: प्रत्येक कोअर दुसऱ्या कोअरशी आणि चिलखताशी. माती टाकल्यावर हीच तपासणी करून दोष निघाला तर पुन्हा सगळं उकरावं लागतं. उघड्या चारीचे मोबाइलवर फोटो काढा, घराचा कोपरा किंवा विहीर फोटोत येईल असे, आणि भिंतीपासून केबल किती फुटांवर आहे ते वहीत लिहून ठेवा. वीज सुरू झाल्यावर कुट्टी रिकामी आणि मग कडबा घालून चालवा, आणि त्याच वेळी गोठ्यातलं व्होल्टेज मोजा. घराच्या टोकाला त्याच क्षणी मोजलेल्या व्होल्टेजपेक्षा ते सात व्होल्टच्या आत कमी असेल तर केबल बरोबर निवडली गेली आहे. आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण त्याच दिवशी एकदा दाबून पाहा आणि पुढं दर महिन्याला दाबत जा. दाबूनही तो पडला नाही तर त्याच दिवशी बदला.